वाचून दाखवणं आणि करून दाखवणं : वेब सर्व्हरवर पीएचपी कसं चालतं

मागच्या शनिवारी आपण ब्राउझरच्या बाजूनं विचार केला. पत्ता टाइप केला की नावावरून आकडी पत्ता कसा सापडतो, निरोप कसा जातो, इथपर्यंत आलो होतो. आज पलीकडच्या काठावर जायचं आहे. तो निरोप ज्या यंत्रापाशी पोचतो, ते यंत्र पुढे काय करतं?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं यावर का बोलावं, असं काहींच्या मनात असेल. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका लहान वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर आणण्याचं काम माझ्याकडे आलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, हीच माझी पात्रता. (हशा) ते काम करताना माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक समजावून सांगता यावी म्हणून आजचं व्याख्यान आहे, असं समजा. पण आधी थोडी तयारी करावी लागेल.

वेब सर्व्हर हा मुळात एक साधा कारकून आहे. कोणीतरी येऊन म्हणतं, 'मला अमुक नावाचा कागद द्या.' कारकुनाला एक कपाट नेमून दिलेलं असतं. त्याला डॉक्युमेंट रूट म्हणतात. तो कपाटात जातो, त्या नावाचा कागद काढतो आणि जसाच्या तसा वाचून दाखवतो. कागद नसेल तर '404' म्हणतो. कपाटाबाहेरचं काही द्यायचं नाही आणि कपाटातलं, विशेष मनाई नसेल तर, मागेल त्याला द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता ग्रंथसूचीचं पान घ्या. 'इरावती कर्वे यांची कोणती पुस्तकं आहेत?' असा प्रश्न आला तर त्याचं उत्तर कपाटात तयार नसतं. ते त्या क्षणी तयार करावं लागतं. मग कपाटात उत्तराऐवजी उत्तर तयार करण्याची कृती ठेवायची. ही कृती ज्या भाषेत लिहितात तिला स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात: पर्ल, पीएचपी, पायथन, रुबी. आणि आता कारकुनाला सांगावं लागतं की बाबा रे, या प्रकारचा कागद मागितला तर तो वाचून दाखवू नकोस, त्यात लिहिलंय ते कर, आणि केल्यावर जे निघेल ते दे. सर्व्हरचं कॉन्फिगरेशन म्हणून जे काही असतं, त्याचा गाभा माझ्या मते एवढाच आहे. कुठला कागद वाचून दाखवायचा आणि कुठला करून दाखवायचा.

आमच्या विषयात ही जुनी गोष्ट आहे. 'पुणे मुठेच्या काठी आहे' आणि 'पुणे दोन अक्षरी आहे'. पहिल्या वाक्यात आपण शब्द वापरतो, दुसऱ्यात शब्दाविषयी बोलतो. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात याला उपयोग आणि उल्लेख यांतला भेद म्हणतात. आपल्याकडे पाणिनीनं अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायाच्या पहिल्याच पादात याची सोय करून ठेवली आहे. व्याकरणात एखादा शब्द आला, आणि तो व्याकरणाची संज्ञा नसेल, तर त्याचं स्वतःचं रूप घ्यायचं, अर्थ नाही. म्हणजे अग्नीला प्रत्यय लावा म्हटलं की तो 'अग्नि' या शब्दाला लावायचा, चुलीतल्या निखाऱ्याला नाही. सर्व्हरला ही समज उपजत नसते. ती आपण फाइलमध्ये लिहून द्यायची.

ती समज कशी कशी देत गेले, याचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1993 साली अमेरिकेत एनसीएसए या संस्थेत तयार होणाऱ्या सर्व्हरच्या भोवती सीजीआय, म्हणजे कॉमन गेटवे इंटरफेस, नावाचा करार ठरला. त्याच सर्व्हरला ठिगळं लावत लावत 1995 मध्ये अपाची उभा राहिला. सीजीआयचा करार फार साधा आहे, आणि मला तो अजून आवडतो. एका ठरावीक डायरेक्टरीतली फाइल मागितली की सर्व्हर ती प्रोग्रॅम म्हणून चालू करतो. मागणीचा तपशील 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' नावाच्या चिठ्ठ्यांवर लिहून प्रोग्रॅमच्या भोवती ठेवतो: मागणी कुठल्या पद्धतीची, प्रश्नचिन्हानंतर काय लिहिलं होतं, ब्राउझर कोणता. फॉर्ममधून आलेला मजकूर प्रोग्रॅमच्या तोंडाशी, म्हणजे स्टँडर्ड इनपुटवर देतो. आणि प्रोग्रॅम जे छापेल ते उचलून गिऱ्हाइकाला देतो. अट एकच, आधी हेडर छापायचे, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर.

त्या रिकाम्या ओळीनं पुष्कळांच्या रात्री खाल्ल्या आहेत. ती राहिली की सर्व्हर '500' म्हणतो आणि गप्प बसतो. खरं कारण एरर लॉगमध्ये असतं. दुसरी गंमत म्हणजे फाइलची पहिली ओळ, जिच्यात ही फाइल कोणी वाचायची ते लिहिलेलं असतं. फाइल विंडोजवर लिहून लिनक्सवर चढवली, तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर येतं. मग यंत्र म्हणतं, 'अशी फाइल नाही.' फाइल तर समोर दिसते आहे! खरं म्हणजे त्याला न सापडलेली फाइल आपली नसतेच; शेवटी अदृश्य अक्षर चिकटलेल्या नावाचा 'पर्ल' त्याला सापडत नसतो. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

सीजीआयची अडचण वेगाची. एका खानावळीची कल्पना करा. गिऱ्हाईक आलं की आचाऱ्याला घरून बोलावायचं, चूल पेटवायची, भाजी करायची, ताट वाढायचं, मग चूल विझवून आचाऱ्याला घरी पाठवायचं. पुढचं गिऱ्हाईक आलं की परत पहिल्यापासून. दिवसाला दहा गिऱ्हाइकं असतील तर चालेल. सेकंदाला दहा असतील तर स्वयंपाकापेक्षा आचाऱ्याच्या जाण्यायेण्यातच वेळ जाईल.

यावर पहिला उपाय निघाला तो म्हणजे वाढप्यालाच आचारी करायचं. रासमुस लेरडॉर्फ या गृहस्थांनी आपल्या वेबवरच्या बायोडेटाला कोण भेट देतं हे पाहण्यासाठी काही प्रोग्रॅम लिहिले आणि 1995 च्या जूनमध्ये ते सगळ्यांना खुले केले. 'पर्सनल होम पेज टूल्स' हे त्यांचं नाव; त्यातून पीएचपी वाढली. ही भाषा पुढे अपाचीच्या पोटातच मॉड्यूल म्हणून बसवली गेली. आचारी बोलवायला नको, वाढपीच भाजी करतो. वेग आला. पण आता प्रत्येक वाढप्याच्या पाठीवर शेगडी! नुसतं पाणी आणून द्यायचं असलं, म्हणजे एखादं चित्र किंवा लोगो पाठवायचा असला, तरी तो शेगडी घेऊनच येणार. मेमरी त्यात जाते. शिवाय एकाच यंत्रावर चार जणांच्या साइट असतील तर चौघांचा स्वयंपाक एकाच माणसाच्या हातचा. म्हणजे एकाच्या कृतीला दुसऱ्याच्या डब्यात डोकावता येतं.

दुसरा उपाय म्हणजे वेगळं स्वयंपाकघर. आचारी कायम हजर, वाढपी वेगळे, मधे एक खिडकी. फास्टसीजीआय या नावानं ही कल्पना 1996 मध्ये आली. पीएचपीसाठी हे स्वयंपाकघर सांभाळणारा मुकादम म्हणजे पीएचपी-एफपीएम. तो 2010 मध्ये पीएचपीच्या मूळ संचात सामील झाला. इगोर सिसोयेव्ह यांचा एनजिनएक्स, जो 2004 मध्ये सर्वांसाठी खुला झाला, तो या पद्धतीवर चालतो. त्याचं सी भाषेतलं पोट पीएचपीला जागाच देत नाही. त्याला खिडकीतूनच बोलावं लागतं. ही खिडकी म्हणजे एक सॉकेट फाइल असते किंवा एखादा पोर्ट, बहुधा 9000.

खिडकी आली की चुकांचे प्रकार बदलतात, आणि ते ओळखता आले तर निम्मं काम झालं. '502' दिसलं तर खिडकीपलीकडे कोणी नाही, किंवा खिडकीवर टकटक करायची कारकुनाला परवानगी नाही. सॉकेट फाइलचा मालक कोण ते बघा. '504' म्हणजे आचारी आहे, पण भाजी अजून शिजतेच आहे आणि वाढपी वाट पाहून कंटाळला. आणि 'फाइल नॉट फाउंड' एवढाच उघडाबोडका मजकूर कोऱ्या पानावर दिसला, तर खिडकीतून दिलेल्या चिठ्ठीवर फाइलचा पत्ता चुकीचा लिहिलाय. स्क्रिप्ट-फाइलनेम नावाची जी चिठ्ठी असते ती तपासायची. कपाटाचा मार्ग आणि फाइलचं नाव जोडून पूर्ण पत्ता व्हायला हवा.

चुली किती ठेवायच्या? हा हिशेब लोक करत नाहीत. समजा यंत्राला 2 जीबी मेमरी आहे. डेटाबेस आणि बाकीचं सोडून पीएचपीसाठी 1200 एमबी उरते. तुमची एक प्रोसेस 40 एमबी खाते असं मोजून दिसलं, तर तीस चुली. शंभर लिहून ठेवल्या तर गर्दीच्या दिवशी मेमरी संपेल आणि यंत्र कोणाचा तरी बळी देईल; बरेचदा तो डेटाबेसचा असतो. पण 40 हा आकडा माझ्याकडून घेऊ नका. आपल्या यंत्रावर मोजा.

(श्रोत्यांमधून प्रश्न : पायथनसाठीही हेच का?)

कल्पना हीच. तिथं डब्ल्यूएसजीआय नावाचा करार आहे, 2003 मध्ये मांडलेला. स्वयंपाकघर वेगळं, पुढे कारकून, मधे खिडकी. एक फरक मात्र फार मोलाचा आहे. पायथनमध्ये सहसा कृतीचे कागद कपाटात ठेवतच नाहीत. कारकुनाला सांगतात, 'स्टॅटिक' एवढा एक कप्पा तुझा, बाकी सगळी मागणी आत पाठव. पीएचपीची परंपरा अशी की कृती आणि चित्रं एकाच कपाटात, आणि नावाच्या शेपटीवरून, म्हणजे शेवटी डॉट पीएचपी आहे का यावरून ओळखायचं. सोपं आहे म्हणूनच ती भाषा घरोघरी पोचली. आणि अनर्थही याच शेपटीनं केले आहेत.

अनर्थ दोन दिशांनी होतो. जे वाचून दाखवायचं ते करून दाखवलं, ही एक दिशा. एक उदाहरण देतो. एखाद्या साइटवर लोकांना आपले फोटो चढवता येतात. कोणी लबाड माणूस फोटोच्या फाइलमध्ये, चित्राच्या टिपणाच्या जागेत, पीएचपीची कृती लपवतो. फाइलचं नाव डॉट जेपीजी. मग तो पत्ता मागतो, 'फोटो डॉट जेपीजी' आणि पुढे तिरकी रेघ मारून 'काहीही डॉट पीएचपी'. कारकून शेपटी बघतो, डॉट पीएचपी आहे, खिडकीतून आत पाठवतो. आत पीएचपी बघते, 'काहीही डॉट पीएचपी' नावाची फाइल तर नाही. बहुधा शेवटचा तुकडा म्हणजे जास्तीची माहिती असेल. तो तोडून टाकते, फोटो सापडतो, आणि फोटो करून दाखवते! कारकून आपल्या जागी बरोबर, आचारी आपल्या जागी मदतीला तत्पर, आणि दोघांच्या मधल्या फटीतून चोर आत. यावर एनजिनएक्समध्ये 'ट्राय फाइल्स'ची एक ओळ लिहायची, म्हणजे फाइल खरोखर आहे का हे बघूनच आत पाठव. पीएचपी-एफपीएमनंही 5.3.9 पासून मूळचीच मर्यादा घातली की डॉट पीएचपी सोडून दुसऱ्या शेपटीची फाइल चालवायची नाही. आणि या दोन्हींवर विसंबून न राहता, फोटो चढवायच्या डायरेक्टरीत पीएचपी चालणारच नाही असं कॉन्फिगरेशनमध्ये लिहून टाका.

अपाचीतही असाच सापळा आहे. 'अ‍ॅडहँडलर' वापरून डॉट पीएचपीची ओळख करून दिली, तर अपाची नावातली सगळी शेपटं बघतो, शेवटचंच नाही. 'सहल डॉट पीएचपी डॉट जेपीजी' हीसुद्धा मग चालते. त्याऐवजी 'फाइल्समॅच' वापरून, नाव डॉट पीएचपीनं संपत असेल तरच, असं लिहावं आणि आत 'सेटहँडलर' द्यावा.

याच दिशेचं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण 2014 च्या सप्टेंबरमधलं, शेलशॉक. मघाच्या चिठ्ठ्या आठवा. ब्राउझरचं नाव चिठ्ठीवर लिहितात म्हणालो. ते नाव पाठवणारा आपण, म्हणजे त्यात काय लिहायचं हे पाठवणाऱ्याच्या हातात. बॅश नावाच्या शेलमध्ये दोष असा होता की चिठ्ठीवरचा मजकूर विशिष्ट चिन्हांनी सुरू झाला तर तो त्याला फंक्शनची व्याख्या समजे आणि व्याख्येच्या पुढे लिहिलेली आज्ञा तिथल्या तिथे पाळत असे. म्हणजे 'तुझं नाव काय' विचारलं, उत्तरात आज्ञा आली, आणि ती पाळली गेली. निखाऱ्याला प्रत्यय लावला म्हणतात तो हा! दोष कित्येक वर्षं बॅशमध्ये पडून होता. सीजीआयच्या जुन्या, साध्या करारानं त्याला जगभरातून येण्याचा रस्ता दिला.

दुसरी दिशा याच्या उलट. जे करून दाखवायचं ते वाचून दाखवलं. 2007 च्या ऑगस्टमध्ये फेसबुकच्या मुखपृष्ठाची पीएचपी कृती काही लोकांना पडद्यावर जशीच्या तशी दिसली. कारण होतं चुकीचं कॉन्फिगर झालेला एक सर्व्हर. आणि माझी चूकही याच जातीची.

एका रात्री अकराच्या सुमारास मी वाचनालयाच्या सर्व्हरची प्रणाली अद्ययावत केली. पीएचपीची जुनी आवृत्ती निघाली, नवी आली. जुनं मॉड्यूल गेलं त्याबरोबर 'डॉट पीएचपी करून दाखव' ही ओळही गेली, कारण ती त्या मॉड्यूलच्याच फाइलमध्ये होती. नवं मॉड्यूल चालू करायचं राहिलं. अपाची तक्रार न करता सुरू झाला. तक्रार कशाची करणार? कपाट आहे, कागद आहेत, मागेल त्याला वाचून दाखवायचे. मी मुखपृष्ठ उघडून पाहिलं, छान दिसलं. ते साधं एचटीएमएल पान होतं. दिवा मालवून झोपलो.

सकाळी सातला एका सभासदांचा फोन. 'सर, सूची उघडली तर काहीतरी संगणकाची भाषा दिसतेय.' त्या भाषेत एक ओळ होती, डेटाबेसच्या जोडणीची माहिती कुठल्या फाइलमध्ये आहे ते सांगणारी. ती फाइलही कपाटातच. मागितली की पासवर्डसकट मिळत होती. सर्व्हर बंद केला, लॉग उघडला. जोडणीच्या फाइलसाठी त्या आठ तासांत एक मागणी आली होती. एरवी अशी मागणी आली तर उत्तराचा आकार जेमतेम हेडरपुरता असतो, कारण ती फाइल चालली तरी काहीच छापत नाही. त्या रात्रीचा आकडा मोठा होता. म्हणजे ती कोणीतरी वाचली.

डेटाबेस फक्त यंत्राच्या आतूनच बोलायला तयार असा ठेवलेला होता, म्हणून नुसत्या पासवर्डनं बाहेरच्याला काही करता आलं नाही. पासवर्ड बदलला. इथं थांबलो असतो तर मी तुम्हाला ही गोष्ट हसत सांगितली असती. पण कपाट तपासताना एक कागद सापडला. दोन वर्षांपूर्वी डेटाबेस हलवताना मीच काढलेली पूर्ण प्रत, कपाटात विसरलेली. सभासदांची नावं, पत्ते, फोन, आणि कोणी कधी कोणतं पुस्तक नेलं त्याची नोंद. कोणी कर्करोगावरची पुस्तकं ओळीनं नेलेली, कोणी घटस्फोटाच्या कायद्याची. तिचं नाव डॉट पीएचपीनं संपत नव्हतं, त्यामुळे त्या रात्रीशी तिचा संबंधच नव्हता. दोन वर्षं, रोज, मागेल त्याला ती मिळू शकत होती.

कोणी मागितली होती का? आमच्या यंत्रावर लॉग चौदा दिवसांचे राहतात. चौदा दिवसांत एकही मागणी नव्हती. समितीच्या बैठकीत एक जण म्हणाले, 'मग झालं तर, कोणी पाहिली नाही.' तेव्हा मला कुमारिलांची परंपरा आठवली. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात: टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही. पण त्याला अट आहे, घागर असती तर ती दिसायलाच हवी होती. अंधाऱ्या खोलीत दिसली नाही, याला काही किंमत नाही. चौदा दिवसांपुरतं आमचं न दिसणं हे प्रमाण होतं. उरलेल्या दोन वर्षांपुरतं तो नुसता अंधार होता. मी तसं सांगितलं. वाद झाला. शेवटी सूचनाफलकावर चिकटवायची नोटीस मीच लिहिली, त्यात काय उघडं होतं, किती काळ होतं आणि आम्ही काय खात्रीनं सांगू शकत नाही, ते सगळं लिहिलं.

मग सर्व्हरची मांडणी बदलली. कपाटात आता एकच पीएचपी फाइल आहे, तीही दोन ओळींची. ती बाहेरच्या, कपाटात नसलेल्या डायरेक्टरीतून बाकीचं सगळं बोलावते. उद्या परत हँडलर गेला तर जगाला त्या दोन ओळी वाचायला मिळतील, वाचू देत. डेटाबेसच्या प्रती वेगळ्या यंत्रावर जातात. पुस्तक परत आलं की ते कोणी नेलं होतं ही नोंद महिन्याभरानं पुसली जाते. ती जन्मभर ठेवण्याचं कारण विचारलं तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही. आणि प्रणाली अद्ययावत केल्यावर मी आता मुखपृष्ठ बघत नाही, सूचीत एक शोध घेऊन बघतो. तोही सकाळी, चहा झाल्यावर.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सभासद चिडले का?)

काही चिडले. दोघांनी सभासदत्व सोडलं, त्यांचं बरोबरच होतं. एक वयस्कर बाई काउंटरवर येऊन म्हणाल्या, 'माझ्याबद्दल त्यात काय होतं ते मला दाखवा.' मी त्यांच्या नोंदी छापून दिल्या. दोन पानं झाली. त्यांनी बाकावर बसून चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, पेन मागून घेतलं आणि दोन पुस्तकांपुढे खुणा केल्या. ती त्यांनी केव्हाच परत केली होती, आमच्याकडे तशी नोंद नव्हती.